आतल्या रकान्यातली वाडी

"वरचं गाव बघायचं आणि त्या गठ्ठ्यात टाकायचं. आत काय लिहिलंय ते वाचत बसायचं नाही." हिवतापाच्या ऑफिसात साहेबांनी मला पहिल्या दिवशी दिलेला हा धडा. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून आतलं वाचायला लागले. मला कुणी 'हे करू नको' म्हटलं की माझ्या हातांना खाज सुटते, त्याला मी काय करणार? आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग आणि जिभेच्या शेंड्यावर उत्तर. हिला कोण करून घेणार?" नाही घेतलं कुणी बरीच वर्षं. माझं काही अडलं नाही.

मुंबई राज्यातून आमचा मुलूख म्हैसुरात गेला त्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. रामनगरात रस्त्याकडेच्या एका भाड्याच्या घरात हे ऑफिस होतं. पुढं दोन टेबलं आणि एक कपाट, मागच्या खोलीत फवारणीचे पंप आणि पावडरीची पिंपं. त्या पावडरीचा वास डब्यातल्या भाकरीलासुद्धा यायचा. मी मॅट्रिक झालेली, मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिणारी, घर चार पावलांवर, म्हणून मला रोजावर घेतलं होतं. काम एकच, कार्डं लावायची.

कार्ड म्हणजे काय ते सांगते. तालुक्यात कुणाला थंडी वाजून ताप आला की ऑफिसचा माणूस त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. लोक त्याला काचवालाच म्हणत. काच लोंढ्याच्या गाडीनं बाहेर तपासायला जायची आणि काचवाला त्या माणसाचं एक कार्ड भरायचा. सगळी कार्डं एकसारखी. सगळ्यात वर, ठळक रकान्यात, रक्त घेतलं ते गाव. खाली नाव, वय, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, घर नंबर, ताप कधी आला, आणि अगदी तळाशी एक बारका रकाना: मागचे पंधरा दिवस मुक्काम कुठं होता. तो रकाना शब्दांत भरायचा नाही, खुणेत भरायचा. गावाला आकडा, त्यातल्या वाडीला अक्षर. तपासणी होऊन आली की मी कोपऱ्यात लाल पेन्सिलनं फुली मारायची, हिवताप असेल तर.

लाल फुलीची कार्डं ज्या गावाच्या गठ्ठ्यात जास्त, त्या गावाला श्रावणात दुसरी फवारणी. पहिली फवारणी पावसाआधी सगळ्याच वाड्यांना मिळायची. दुसरी मिळवायची तर गठ्ठा जाड पाहिजे. म्हणजे सगळा कारभार माझ्या गठ्ठ्यांवर चाललेला, आणि मला सांगतात आत वाचू नको!

त्या आषाढात रामनगरच्या गठ्ठ्यात टाकायला म्हणून एक कार्ड उचललं आणि हात थांबला. ते माझ्या अक्काचं होतं.

अक्का माझी थोरली बहीण. तिला कुंभारवाड्याच्या पलीकडं, ओढ्यापल्याडच्या एका वाडीत दिली होती. घर चांगलं, भाताची शेती, नवरा गरीब स्वभावाचा. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू. लग्नाला चार पावसाळे झाले होते आणि अक्काची दोन मुलं पोटातच गेली होती. दोन्ही वेळा दिवाळीच्या आसपास ताप यायचा, दात वाजायचे, आणि तापाबरोबर पोटातलं जायचं. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. चौथा लागला होता आणि परत ताप आला म्हणून ती आमच्याकडं येऊन पडली होती. कडू गोळ्या गिळायची, ओकायची, पुन्हा गिळायची. मला म्हणाली होती, "ह्या बारीला न्हाई राहिलं तर मी परत उठणार न्हाई बघ." उगाच बोलणाऱ्यांतली नव्हती ती.

आणि तिचं कार्ड रामनगरच्या गठ्ठ्यात! का, तर रक्त रामनगरात घेतलं. अरे, पण ताप तिनं रामनगरातून आणला काय? तो ती तिकडून घेऊन आली! तळाच्या रकान्यात काचवाल्यानं तिच्या वाडीची खूण व्यवस्थित लिहिली होती. कुणी बघायचं ते?

आमच्या मुलखाची एक रीत आहे. सून तापली की तिला माहेराला पोचवायची. लावणीचे दिवस, घरात सगळे चिखलात, अंथरुणावरच्या सुनेला पेज कोण देणार? आई देईल. म्हणून पहिली थंडी भरली की दुसऱ्या दिवशी पोरगी माहेरच्या वाटेला लागते. कुणी त्यात वावगं मानत नाही, पोरींनासुद्धा तेवढाच विसावा. आणि त्या वाडीतले पुरुष? तेही तापतच असणार. पण पावसात ओढ्यावरचा साकव वाहून गेला की काचवाला पलीकडं जायचाच नाही. भाद्रपदापर्यंत ती वाडी कागदावर ठणठणीत. ताप असलेल्या बायका माहेरी मोजल्या जात आणि ताप असलेले पुरुष कुठंच मोजले जात नसत.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी ते कार्ड बाजूला ठेवलं आणि कपाटातून त्या सालचे सगळे गठ्ठे काढले. मग मागच्या तीन सालांचेही काढले. साहेब दौऱ्यावर होते, बरंच झालं.

पुढच्या सोप्यावर मी सगळे गठ्ठे सोडले. माझी लावायची एक पद्धत होती, ती बघून शिपाई हसायचा. मला वाडीवार आणि वाडीत घरवार लावायचं असलं तर मी आधी वाडी बघायचीच नाही. आधी सगळी कार्डं घर नंबरानं लावायची. मग तो एकच उभा ढीग वरून एकेक पान काढत वाडीच्या खुणेप्रमाणं वाटत जायचा, मधला क्रम न मोडता. वाटून झालं की प्रत्येक वाडीत घरं आपोआप ओळीनं लागलेली. शिपाई म्हणाला, "बाई, तुम्ही उलटीकडनं का सुरुवात करता?" मी म्हटलं, "तू पायजमा पायाकडनं घालतोस की डोक्याकडनं?" वारा सुटला होता म्हणून प्रत्येक ढिगावर एकेक खडा ठेवला आणि दोन दिवस मी जेवणाखेरीज उठले नाही.

अणशीच्या गठ्ठ्यातून चार कार्डं निघाली, कॅसलरॉकच्या गठ्ठ्यातून काही, रामनगरच्या गठ्ठ्यातून मूठभर, आणखी कुठल्या कुठल्या गावांची. वरची गावं सगळी वेगळी. तळाची खूण एकच, अक्काच्या वाडीची. बहुतेक सगळ्या बायका. जिचं लग्न होऊन ती त्या वाडीत गेली, ती तापून परत आली. मागच्या सालीही तेच, त्याच्या मागच्या सालीही तेच. आणि दुसरी फवारणी दरसाल झाली होती कुठं? त्या बायकांच्या माहेरच्या गावांत! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. रामनगरात आमच्या घराच्या भिंतींवर दोन-दोनदा पावडर मारून गेले होते, आमच्यात कुणी शिंकतसुद्धा नव्हतं तेव्हा.

साहेब आले. धारवाडकडचे होते, मराठी तोडून तोडून बोलायचे, मला तंगी म्हणायचे. म्हणजे धाकटी बहीण. सोप्यावरचे ढीग बघून त्यांचा चेहरा उतरला.

"तंगी, हे काय केलं?"

"आत वाचलं," मी म्हटलं.

मी भांडायच्या तयारीनं पदर खोचून उभी होते. पण भांडण झालंच नाही. ते खाली बसले, त्या वाडीचा ढीग हातात घेतला, एकेक कार्डाची वर आणि खाली नजर टाकत शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाले, "बरोबर आहे. पंप तिकडे जायला पाहिजे." एवढंच. मला त्याचाही राग आला. इतकं सरळ होतं तर इतकी वर्षं कुणी का बघितलं नाही? मी विचारलंही. ते म्हणाले, "वरून हुकूम गावाप्रमाणे लावायचा आहे. हुकूम कोण वाचतो, तंगी, सगळे पाळतात फक्त." मग त्यांनी आपल्या जबाबदारीवर पंपवाल्यांची टोळी त्या वाडीला लावून दिली. ओढ्यावर दोर बांधून पंप डोक्यावरून नेले. माणूस वाईट नव्हता, हे मी रागातसुद्धा कबूल करते.

श्रावण संपता संपता टोळी परत आली. वाडीतलं प्रत्येक घर मारलं, आतून बाहेरून, असा त्यांचा कागद आला. मी घरी जाऊन अक्काला सांगितलं, "आता जा बिनघोर. तुमच्या भिंतींवर बसला तो डास मेला." तिचा ताप उतरला होता, तोंडाला जरा चव आली होती. चवथ जवळ आली म्हणून दाजी न्यायला आलेच होते. गणपती बसणार, घरात दुसरी बाई कोण? सासू एकटी. आबांनी नारळ, पोहे बांधून दिले आणि अक्का गेली.

ती गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. पंपवाला मुकादम मागच्या खोलीत पिंपं रचत होता. मी सहज म्हटलं, "त्या वाडीत कुणी अडवलं न्हाई न्हवं?"

"अडवत्यात कशाला? गरीब माणसं. आमचं ते काम किती दिवसाचं, हे ठावं हाय त्यांना."

"म्हणजे?"

"म्हणजे चवथ आली की. लिंपणार सगळ्या भिंती, शेणमातीनं. दरसाल लिंपतात. पावडर जाते आत मातीखाली." आणि तो हसला. हसला हो!

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं न्हाई?"

"सांगायचं काय? कागद देतो की घरटी एक. तीन महिने भिंतीला हात लावू नये म्हणून."

तो कागद मी बघितला. छापील, कन्नडात, बारीक अक्षरांत. त्या वाडीत कन्नड समजतं कसंबसं, वाचतं कोण? मराठी तरी किती जण वाचतात? कागदाची पुरचुंडी करून तंबाखू बांधली असेल त्यांनी आणि बरंच केलं. मी तो कागद घेऊन साहेबांच्या टेबलावर आपटला. त्यांनी वाचला आणि डोक्याला हात लावला. त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं हे. माझ्याही नाही. सगळ्यांनी ताप मोजला, घरं मोजली, काचा मोजल्या. भिंतीवर वरून काय फासलं जातं, त्याचा रकानाच कार्डावर नव्हता.

"पुन्हा पाठवा टोळी," मी म्हटलं.

"पावडर संपली. पुढल्या सालीच."

"पुढल्या सालापर्यंत माझी अक्का थांबणार न्हाई!" असं ओरडून मी बाहेर पडले. चवथ दोन दिवसांवर होती. सकाळच्या बसनं कुंभारवाडा गाठला, तिथून चिखल तुडवत ओढा, कमरेइतक्या पाण्यातून दोराला धरून पलीकडं. वाटेत भेटलेल्या एकानं विचारलं, "कुठनं आला बाई?" मी त्याच्यावरसुद्धा खेकसले. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

घरात शिरले आणि बघते तर काय, अक्का स्टुलावर उभी. कोपरापर्यंत हात तांबड्या मातीनं भरलेले, पोट पुढं आलेलं, कपाळावर घाम. माजघराच्या तीन भिंती लिंपून झालेल्या, ओल्या, गुळगुळीत, तुळतुळीत. चौथी राहिली होती. तिच्यावर पावडरीचे पांढरे फराटे अजून दिसत होते. सासू अंगणाच्या दारात पायानं शेणमाती तुडवत होती. आम्ही तिला आत्ती म्हणत असू.

"अगे, तू कशी काय?" अक्काचा चेहरा फुलला. "बघ की, कशी झाली भिंत!"

"उतर खाली!" मी ओरडले. "उतर आधी!"

"आल्या आल्या काय गे ही बोंब? हात पाय धू, च्या घे."

"चहा घाल चुलीत! तुला अक्कल हाय काय? ती पावडर तुझ्यासाठी मारलीय, तुझ्या पोटातल्यासाठी. दोन दिवस खपून मी कार्डं लावली, माणसं वाहत्या पाण्यातनं पंप घेऊन आली, आणि तू तिच्यावर माती फासतीस?"

अक्का गोंधळून सासूकडं बघायला लागली. आत्ती पाय न धुताच आत आली. उंच, वाळलेली बाई, कपाळावर गोंदलेलं. आवाज चढवला नाही तिनं.

"देव यायचाय घरात," ती म्हणाली. "असल्या फराट्याच्या, वासाच्या भिंतीत देव बशीवतात काय?"

"देव दीड दिवस बसतोय, आत्ती. अक्का बारा महिने निजते हितं!"

"तोंड आवर, गे पोरी."

"न्हाई आवरत! दोन गेली तिची, ह्या भिंतींमधे. आता तिसरंबी घालणार काय मातीत?"

अक्का स्टुलावरून उतरून खाली बसली. असं कुणी त्या घरात उघड म्हटलं नव्हतं आजवर. दाजी मागच्या दारात येऊन उभे राहिले होते. मला वाटलं, आत्ती आता माझ्या थोबाडीत देणार. मी तयार होते. दिली असती तर मीही ऐकून घेणार नव्हते.

ती म्हणाली, "दोन. दोनाचं मला काय सांगतीस? माझी पाच गेली ह्या घरात. तीन पोटात, दोन मांडीवर. हा एक राहिला," तिनं दाजींकडं मान वळवली. "पाच गेली तवा माझी सासू म्हणाली, घरात काहीतरी इटाळ राहतोय, देवाच्या नजरेला सलतोय. तवापासनं मी दरसाल चवथीला इंच इंच भिंत लिंपून घेते. गेल्या साली हिनं कोपरा सोडला हुता, मी रातभर स्वता बसून लिंपला. एक डाग राहू देत न्हाई. कशापायी? हिचं जगावं म्हणूनच की गे!"

मी इतका राग घेऊन आले होते त्या बाईसाठी, तीन ओढ्यांना पुरून उरेल इतका, आणि तो ठेवायला जागाच राहिली नाही. पण गेलाही नाही तो. मला रडू येत नाही लवकर, राग येतो. त्या हुकमाचा आला, त्या बारीक अक्षरांच्या कागदाचा आला, पाच पोरं घालवून भिंत लिंपायला शिकवणाऱ्या त्या मेलेल्या सासूचा आला. आत्तीचा नाही आला. तो यायला हवा होता, आणि येईना, म्हणून आणखीच चिडले.

मग मी खाली बसले आणि सांगितलं, जमेल तेवढं हळू. डास चावतो, रक्त पिऊन जड होतो आणि भिंतीवर जाऊन बसतो. भिंतीवर पावडर असली तर तिथंच मरतो. पावडर मातीखाली गेली तर आरामात बसतो, दम खातो, परत चावायला येतो. सगळं ऐकून आत्तीनं एकच विचारलं.

"गोठ्यातबी मारलीय काय पावडर?"

"मारलीय. सगळीकडं मारलीय."

"गोठा मी लिंपत न्हाई. तितं देव बसत न्हाई." ती उठली, मागच्या दारानं गोठ्यात गेली, भिंतीवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि परत आली. अक्काची घोंगडी, उशी, वाकळ उचलली आणि चालायला लागली.

दाजी तेव्हा पहिल्यांदा बोलले. "आये, काय करतीस? पोटुशी बाई गोठ्यात? लोक म्हणतील सासूनं सुनेला गोठ्यात घातली. चवथीला सगळी वाडी आरतीला येणार."

"येऊ देत."

"तोंड काढायला जागा राहायची न्हाई."

"तुझं तोंड तू काढ न्हाईतर झाकून ठेव," आत्ती म्हणाली. पुन्हा आत आली, स्वतःची वाकळ उचलली आणि तीही गोठ्यात नेऊन टाकली, अक्काच्या अंथरुणाला लागून. "आता म्हण कुणीबी, सुनेला गोठ्यात घातली म्हणून. सासूबी तितंच हाय म्हणावं."

माजघराची चौथी भिंत तशीच राहिली. त्या साली त्या घरात गणपती बसला तो एका फराट्याच्या भिंतीकडं तोंड करून. आरतीला आलेल्या बायका नाकाला पदर लावून कुजबुजल्या, हे मला अक्कानं नंतर सांगितलं. कुजबुजू देत. त्यांच्यातल्या दोघींची कार्डं माझ्याकडं होती, लाल फुलीची.

मी ऑफिसात परत गेले आणि प्रत्येक कार्डाच्या पाठीवर पेन्सिलनं लिहायला लागले: भिंत लिंपली की नाही, कधी लिंपली. काचवाल्याला दम देऊन प्रत्येक घरी विचारायला लावलं. ते साहेबांना पटलंही होतं. दोन महिन्यांनी वरून पत्र आलं की कार्डावर ठरलेल्या मजकुराखेरीज काहीही लिहू नये. साहेबांनी मला ते वाचून दाखवलं आणि माझ्याकडं न बघता खणात ठेवलं. पालथ्या घड्यावर पाणी. मी लिहीत राहिले.

अक्काला दिवाळीत ताप आला नाही. दिवाळी गेली, देवदिवाळी गेली. थंडी पडली तरी दोघी गोठ्यातच निजत होत्या, गुरांच्या उबेला. दाजींनी भोवती गवताचे भारे लावून आडोसा केला, एवढी तरी अक्कल त्यांना सुचली. पौषात अक्का बाळंत झाली. माहेरी आणायची रीत, पण आत्तीनं पाठवलं नाही. आबांना निरोप आला, "रामनगरात भिंती लिंपतात का बघून मग बोला." मुलगी झाली. काळी, बारकी, आणि ओरडायला भारी.

बारशाला मी गेले. दुपारची वेळ, अंगणात ऊन. आत्ती पाय पसरून बसली होती, पायांवर पोरीला घालून तेल चोळत होती. अक्का दाराच्या चौकटीला टेकून केस वाळवत होती. मी शेजारी जाऊन बसले. आत्ती पोरीचे हात छातीवर घडी घालायची, पुन्हा उघडायची.

"गे, एक विचारू?" ती म्हणाली. "तुला ऑफिसातलं कळतंय."

"विचारा की."

"मी असं गोठ्यात निजले असते तर माझी जगली असती काय, ती पाच?"

"न्हाई," मी म्हटलं. "तुमच्या वेळेला पावडरच नव्हती, आत्ती. कुठंबी निजला असता तरी तेच."

हे खरं होतं. तिनं बराच वेळ पोरीची पावलं चोळली. खांदे जरा खाली आले तिचे. "बरं झालं बाई," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, वर न बघता: "आनि हिची दोन?"

त्या दोन्ही साली पावसाआधी त्या वाडीत पावडर मारली होती. घर नंबरासकट मी ते बघितलं होतं. दोन्ही साली चवथ झाली, दोन्ही साली भिंती लिंपल्या, एका साली राहिलेला कोपरा तिनं स्वतः लिंपला, आणि दोन्ही साली दिवाळीला अक्का तापली. सगळं मला तोंडपाठ होतं. दारात अक्काचा केस झटकायचा आवाज थांबला.

"त्याचा भिंतीशी काय संबंध?" मी म्हटलं. "ती आधीच कच्ची हुती. ऑफिसात तसं लिहिलंय."

"खरंच लिहिलंय?"

"कार्डं मी लावते की तुम्ही?" मी तिच्या अंगावर ओरडले, इतक्या जोरात की गोठ्यातली म्हैस हंबरली. "सांगितलं ना, न्हाई म्हणून! किती बारी विचारायचं ते?"

पोर दचकली आणि गळा काढून रडायला लागली. आत्तीनं तिला तेलासकट उचलून खांद्यावर घेतलं आणि पाठ थोपटायला लागली.

"ओरडू नको गे," ती मला म्हणाली, "पोरगी भ्याली बघ."